एका गाडीपुरती जागा

ब्रीडाबाईंना आयर्लंडमध्ये कुणीच 'बाई' म्हणत नसे. तिथे साठीच्या माणसालाही ऑफिसात काल रुजू झालेला कुणीही नुसत्या नावाने हाक मारतो, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मीही ऑफिसात त्यांना 'ब्रीडा' म्हणायचे. पण घरी नवऱ्याशी बोलताना 'आज ब्रीडा म्हणाली' हे काही केल्या माझ्या तोंडून निघेना. एक दिवस 'ब्रीडाबाई म्हणाल्या' असं आपोआप निघालं आणि मग तेच राहिलं. आमची लेक, जी माझ्या मराठीला डब्लिनच्या इंग्रजीत उत्तरं देते, तीसुद्धा त्यांना 'ब्रीडाबाय' म्हणायची. इथेही तसंच लिहिते.

आमचं ऑफिस बॉल्सब्रिजमध्ये, दोन वकिलातींच्या मधल्या एका लाल विटांच्या इमारतीत होतं. काम काय, तर रेल्वेचं नियमन. रूळ एकाचे असतात आणि त्यांवरून गाडी दुसऱ्याला चालवायची असते. रूळवाला 'जागा नाही' म्हणाला, तर गाडीवाल्याने दाद कुठे मागायची? आमच्याकडे. कंपनीचं ऐकायचं नाही, मंत्र्याचं ऐकायचं नाही, कागद बघून निकाल द्यायचा. युरोपातल्या बहुतेक देशांत असं एकेक स्वतंत्र कार्यालय आहे, आणि ही कार्यालयं वर्षातून काही वेळा एकत्र बसतात, कारण गाड्या सीमा ओलांडतात आणि निकाल ओलांडत नाहीत. त्या बैठकांना आमच्याकडून ब्रीडाबाई जायच्या.

मी मूळची मिरजेची. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आठ वर्षं, मग डब्लिनला तेच. त्याचा कंटाळा आला म्हणून या ऑफिसात आकडेमोड सांभाळण्याच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीला तीन माणसं होती. दोघांनी डेटाबेसबद्दल विचारलं. टोकाला बसलेल्या, पांढरे केस कानामागे खोचलेल्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, "तू कुठल्या स्टेशनच्या गावची?"

प्रश्न मला विचित्र वाटला. मी म्हटलं, "मिरज. माझे वडील तिथे स्टेशन मास्तर होते. आमच्याकडे तेव्हा तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ येऊन मिळायचे. एका गाडीतला माल हमाल पाठीवर घेऊन दुसऱ्या गाडीत भरायचे."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तीन?" त्या म्हणाल्या. "एकाच स्टेशनात?" पुढची वीस मिनिटं मुलाखत मिरजेवरच झाली. बाकीचे दोघे घड्याळ बघत होते. जाताना त्यांनी मला माझं नाव पुन्हा म्हणायला लावलं. 'मृणाल' हे त्यांच्या जिभेवर नीट बसेना. पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं आणि जमल्यावरच मला सोडलं. म्हणाल्या, "आमच्या गावांची नावं लिहायची एक आणि म्हणायची भलतीच. असल्या देशातल्या बाईने दुसऱ्याचं नाव चुकवू नये."

त्या राहायच्या डब्लिनशेजारच्या डून लेरीला, एकट्या. रोज समुद्राकडेने येणाऱ्या गाडीने यायच्या, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. दुपारी घरच्या ब्राऊन ब्रेडमध्ये अंडं घातलेलं सँडविच आणि काळा म्हणावा इतका कडक चहा. कौतुक करायला त्या फार कंजूस होत्या. मी पंधरा दिवस राबून केलेल्या कामावर त्यांचा शेरा असायचा, 'ग्रँड'. आयरिश माणसाचं ते 'ठीक आहे'. आवाज चढवत नसत, पण सल्लागार कंपन्यांच्या रंगीत स्लाइडा बघताना त्यांच्या चेहऱ्यावर दातदुखी उमटायची. कुणी 'स्टेकहोल्डर' म्हटलं की लगेच विचारायच्या, "कोण? नाव सांगा. स्टेकहोल्डर नावाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही." मग समोरच्याला नाव शोधून आणावं लागायचं, आणि नाव आलं की प्रकरण निम्मं सुटलेलं असायचं.

सुरुवातीला त्यांच्या बोलण्याने माझी एकदा फजिती झाली. त्या म्हणाल्या, "युअर मॅनने पुन्हा पत्र पाठवलंय." मी घाबरले. माझ्या नवऱ्याने यांना कशाला पत्र पाठवावं? तो बिचारा हॉस्पिटलात रुग्ण तपासत होता. तिथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो अमुक माणूस' हे कळायला मला आठवडा लागला. त्यांना ही गंमत सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

त्या रेल्वे कंपनीच्या लोकांशी कँटीनमध्ये खुशाल चहा पीत बसायच्या. मला ते खटकायचं. एकदा धीर करून विचारलं, "आपण स्वतंत्र ना? मग हे?"

त्या म्हणाल्या, "स्वतंत्र म्हणजे कुणाशी न बोलणारा असं कुणी सांगितलं तुला? सगळ्यांशी बोलायचं, पोटभर ऐकायचं. निकाल मात्र एकट्याने लिहायचा. जो कुणाशी बोलत नाही तो स्वतंत्र नसतो, तो नुसता अडाणी असतो."

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा परदेशी गेले ते एका हिवाळ्यात. युरोपातले दोन शेजारी देश. नावं लिहीत नाही, दोघंही आता शहाणे झालेत. दोन इंजिनं असलेली एक लहानशी मालगाडी कंपनी होती, एक बाई आणि तिचा भाऊ चालवायचे. त्यांची गाडी पहिल्या देशातून सकाळी दहाला सीमेवर पोहोचायची आणि दुसऱ्या देशाने तिला पुढे जायची वेळ दिली होती संध्याकाळी पाचची. रोज सात तास गाडी सीमेवर उभी. त्यांनी दोन्ही देशांच्या नियामकांकडे तक्रार केली. पहिल्याने तपासलं आणि म्हणाला, आमच्या हद्दीत गाडी अगदी वेळेवर आहे. दुसऱ्या देशाच्या नियामक बाई होत्या, त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, आमच्याही. दोघंही खरं बोलत होते. कंपनी मात्र बुडायला आली होती.

हे प्रकरण सगळ्या नियामकांच्या बैठकीत आलं आणि मध्यस्थी ब्रीडाबाईंकडे सोपवली गेली. असली प्रकरणं बहुधा त्यांच्याकडेच यायची. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "आमच्या रुळांची रुंदी यांच्यापेक्षा वेगळी. आमची गाडी यांच्याकडे जाऊ शकत नाही आणि यांची आमच्याकडे येऊ शकत नाही. मध्ये समुद्र आहे, आणि समुद्र आटला तरी रूळ जुळायचे नाहीत. मला यांच्याकडून काहीही नकोय हे यांना माहीत आहे."

त्यांनी दोन्ही नियामकांना पत्र लिहिलं: अमुक दिवशी सकाळी दहाला सीमेवरच्या यार्डात या, गाडीचं स्वागत करू. दोघं आले. पहिल्या देशाचा नियामक ताडमाड उंच, लांब कोट घातलेला. दुसरी टापटीप, फायली घेऊन आलेली. बर्फ पडून गेलेलं होतं. दहाला गाडी आली. ड्रायव्हर उतरला, हात मिळवले. दहा मिनिटांत बोलणं संपलं. उंच गृहस्थ म्हणाले, "चला, कुठेतरी गरम जागी बसून चर्चा करू."

ब्रीडाबाई म्हणाल्या, "गाडी सुटल्यावर."

त्यांना वाटलं चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती. आम्ही तिथे उभे राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. माझ्या पायांची बोटं आहेत की नाहीत हे कळेनासं झालं. बाई हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत होत्या आणि ड्रायव्हरला त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल विचारत होत्या. एक वाजता त्या ड्रायव्हरने आपल्या थर्मासमधलं सूप झाकणात ओतून सगळ्यांना घोट-घोट दिलं. फायलीवाल्या बाईंनी दोन्ही हातांनी झाकण धरून ते प्यायलं आणि त्याला विचारलं, "तुम्ही रोज इथे काय करता?"

"हेच," तो म्हणाला. "उभा असतो."

तीनच्या सुमाराला उंच गृहस्थ थोडे बाजूला गेले आणि त्यांनी आपल्या ऑफिसला फोन लावला. भाषा मला कळत नव्हती, पण आवाज कळत होता. मग फायलीवाल्या बाईंनीही लावला. पाचला गाडी सुटली तेव्हा आम्ही पाचही माणसं निळी पडलो होतो. पुढच्या वेळापत्रकात ती गाडी सीमेवर फक्त ड्रायव्हर बदलण्यापुरती थांबू लागली. या प्रकरणाच्या अहवालात बाईंनी त्या दिवसाबद्दल एकच ओळ लिहिली: 'संबंधितांनी प्रत्यक्ष पाहणी केली.'

आता त्यांच्या चुकीबद्दल.

आयर्लंडच्या पश्चिमेकडे बरेच मार्ग एकेरी आहेत. समोरून गाडी येत असेल तर एकीला वाटेतल्या स्टेशनात बाजूला उभं राहावं लागतं. आमच्या मिरजेकडे त्याला म्हणतात 'गाडी क्रॉसिंगला थांबलीय'. अशा एका मार्गावर मार्टिन नावाच्या माणसाला लाकडाची मालगाडी चालवायची होती. जंगलातून बंदरापर्यंत, रोज एक. रूळवाल्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं. तो आमच्याकडे आला. ब्रीडाबाईंनी एकेरी मार्गावर किती गाड्या मावतात हे मोजण्याची एक पद्धत बसवली होती, तिच्याप्रमाणे मोजलं, आणि खरंच जागा नव्हती. अर्ज फेटाळला. हे सगळं मी येण्याच्या आधीचं, सहा वर्षांपूर्वीचं. निकाल इतका नेटका लिहिलेला होता की ती पद्धत पुढे आणखी चार देशांनी उचलली.

यार्डातल्या त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात माझे बाबा आमच्याकडे आले होते. निवृत्त स्टेशन मास्तरचा परदेशात वेळ कसा जायचा? एका रविवारी सकाळी मी त्यांना आमच्या वेबसाइटवर हा निकाल काढून दिला, कारण त्यात गाड्यांचा आलेख होता. आडवी वेळ, उभी स्टेशनं, तिरप्या रेघा म्हणजे गाड्या. माणसं पत्रिका वाचतात तसे बाबा हा आलेख वाचतात. मी पोहे परतत होते. थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"मृणाल, हिकडं ये जरा. ही गाडी क्रॉसिंगला उभी केलीया न्हवं? ती वेळ रेघेत धरलीया. आन् खाली कोष्टकात तीच वेळ परत येगळी धरलीया. एका गाडीला दोनदा उभी केलीया गं ह्यांनी."

मी म्हटलं, "बाबा, ही पद्धत पाच देशांत वापरतात."

"पाच देशांत वापरू देत की. गाडी एकदाच थांबती."

पोहे करपले. मी संध्याकाळपर्यंत ते आकडे उलटेसुलटे करून पाहिले. बाबांचं बरोबर होतं. दुहेरी धरलेली वेळ काढली की त्या मार्गावर नेमकी एका गाडीपुरती जागा होती.

सोमवारी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. पुढच्याच महिन्यात सगळ्या देशांच्या नियामकांच्या गटाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे येणार होतं. निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं. विरोधात कुणी उभंही नव्हतं. आमच्या लहानशा देशाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. मी कागद पुढे ठेवला आणि सांगितलं. त्या कोट काढत होत्या. एक बाही अंगात तशीच ठेवून त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना उद्या इथे आणशील? विनंती आहे म्हणावं."

बाबा आले. स्वेटर, त्यावर कोट, आणि ऑगस्टमध्ये कानटोपी. दोघं टेबलाच्या एका बाजूला बसले. बाबांचं रेल्वेचं इंग्रजी आणि बाईंचं आयरिश इंग्रजी, मी मध्ये दुभाषी म्हणून बसले, पण अर्ध्या तासात माझी गरज उरली नाही. बाबा बोट ठेवायचे, बाई मान हलवायच्या. एका जागी बाईंनी हरकत घेतली, बाबांनी मिरजेचा दाखला दिला, बाईंनी हरकत मागे घेतली. दोन तासांनी बाई उठून उभ्या राहिल्या. काचेपलीकडे सगळं ऑफिस बसलेलं होतं. दार उघडंच होतं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

बाबा इतके गडबडले की तेही उभे राहिले. नोकरीत साहेबाच्या तोंडून हे वाक्य ऐकायची त्यांना सवय नव्हती.  घर आल्यावर म्हणाले, "बाई लई मोठी आहे गं."

दुपारी आमच्या संचालकांनी बाईंना बोलावलं. मीही आकडे घेऊन गेले. संचालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "चूक तर सुधारायचीच आहे. त्यात दुमत नाही. फक्त महिनाभर थांबू. निवडणूक होऊन जाऊ दे."

बाई म्हणाल्या, "आपल्यामुळे एक माणूस आधीच सहा वर्षं थांबलाय."



मार्टिनला पत्र पाठवता आलं असतं. बाईंनी पत्र तयार केलं, सही केली आणि म्हणाल्या, हे टपालाने पाठवायचं नाही. त्याचं घर गॉलवेच्याही पुढे, स्टेशनपासून लांब, आणि बाईंना मोटार चालवता येत नसे. मी त्यांना घेऊन गेले. बारीक पाऊस होता. मार्टिनने दार उघडलं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, अंगात एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्याचं जाकीट. तो आता तिथल्या गोदामात कामाला होता. त्याने बाईंना ओळखलं. आत या म्हणाला नाही.

बाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. कुठेही 'दुर्दैवाने' नाही, 'तांत्रिक' नाही. "तुमच्या गाडीला जागा होती. मी चुकीचं मोजलं. तुम्ही बरोबर होता."

त्याने आमच्या डोक्यांवरून पलीकडच्या कुरणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "रोज एक गाडी बसत होती?"

"रोज एक. जाऊन येऊन."

"सहा वर्षं मला वाटतंय," तो म्हणाला, "की मला मोजताच येत नव्हतं." मग त्याने विचारलं, "हे लेखी द्याल? माझे वडील अजून आहेत. त्यांना दाखवायचंय."

बाईंनी कोटाच्या आतून पाकीट काढून दिलं. त्याने ते घेतलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं.

आयर्लंडमध्ये दारात आलेल्याला चहा विचारत नाहीत असं घडत नाही. मीटर बघायला आलेल्यालाही विचारतात. परतीच्या अर्ध्या वाटेवर अॅथलोन गाव आलं. काचेवरचे वायपर वाजत होते. बाई म्हणाल्या, "चहा दिला नाही. बरोबर केलं त्याने." आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्या रडत होत्या की काय ते मी पाहिलं नाही. बघायची माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभराने बैठक झाली. मोठं सभागृह, लांबट गोल टेबल, प्रत्येकापुढे देशाच्या नावाची आडवी पाटी. बोलायचं असेल त्याने पाटी उभी करायची, अशी तिथली रीत. मी मागच्या भिंतीला लागून बसले होते. कार्यक्रमपत्रिकेवर बाईंना वीस मिनिटं दिलेली होती, नियोजित अध्यक्षांचं मनोगत म्हणून. त्यांनी पडद्यावर तो आलेख लावायला सांगितला.

"ही माझी पद्धत," त्या म्हणाल्या, "आणि ही तिच्यातली चूक. एका निवृत्त भारतीय स्टेशन मास्तरांनी ती रविवारी सकाळी नाश्त्याच्या आधी शोधली. तुमच्यापैकी चौघांनी ही पद्धत माझ्याकडून नेली. मी ती परत न्यायला आलेय." मग कुठे, कशी, किती, हे त्यांनी सावकाश समजावलं. शेवटी म्हणाल्या, "चारही ठिकाणचे निकाल पुन्हा तपासेपर्यंत माझं नाव अध्यक्षपदासाठी धरू नका. त्या कामाला मला वेळ लागेल."

त्या खाली बसल्या.  सभागृहातली ही सगळी माणसं निकाल देणारी. आपलं चुकलं असं म्हणण्याची तिथे कुणाला सवय नव्हती. त्या बैठकांत प्रत्येक जण आपल्या देशाने काय उत्तम केलं तेवढंच सांगायचा. मला वाटलं, आता कुणीतरी खाकरेल, आभार मानेल आणि पुढचा विषय येईल.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक पाटी उभी राहिली. यार्डात आमच्याबरोबर गारठलेल्या त्या उंच गृहस्थांची. ते म्हणाले, "आमच्याकडेही एक आहे. या पद्धतीतली नाही, दुसरीच. दोन वर्षं माझ्या खणात आहे." आणि त्यांनी ती सांगितली. त्यांचं सांगून होईपर्यंत आणखी एक पाटी उभी राहिली होती. मग पलीकडची. पत्रिकेवरचे बाकीचे विषय त्या दिवशी झालेच नाहीत. जेवणाच्या सुट्टीतही माणसं घोळक्याघोळक्याने आलेखांवर वाकलेली होती. ज्यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं फक्त गुळगुळीत अहवाल पाठवले होते, ती माणसं एकमेकांना म्हणत होती, तुमच्याकडे हे कसं करता हो? आम्हाला जमत नाहीये.

मी भिंतीला पाठ लावून ते पाहत होते. ब्रीडाबाई त्या गर्दीत कुठेच नव्हत्या. शोधलं तर बाहेरच्या बाकावर बसून सँडविच खात होत्या. मी आत काय चाललंय ते सांगितलं.

"ग्रँड," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष उंच गृहस्थ झाले. त्यांनी नियम केला की यापुढे प्रत्येक बैठकीचा पहिला तास आपापल्या चुकांचा. बाईंनी ते वर्ष चार देशांत हिंडून काढलं. त्यातल्या दोन ठिकाणी, नाकारलेली एकेक गाडी मावत होती असं निघालं. आमचा निकाल नव्याने निघाला आणि मार्टिनला जागा देऊ केली गेली. त्याने नको म्हणून कळवलं. त्याचं वय पुढे सरकलं होतं आणि उमेद मागे राहिली होती. पण वर्षभराने दुसऱ्या एका कंपनीने त्याच मार्गासाठी अर्ज केला, तेव्हा सुनावणीला तो न बोलावता आला. कुठल्या वळणावर गाडी हळू करावी लागते, कुठल्या स्टेशनात किती डबे मावतात, हे त्याने अर्धा तास उभं राहून सांगितलं, एकही कागद न बघता. बाई समोर बसून लिहून घेत होत्या. संपल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता त्या मार्गावर रोज लाकडाची गाडी जाते.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी माझ्या नवऱ्याला गॉलवेच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. गेल्या वसंतात कामासाठी एक दिवस डब्लिनला आले होते, तेव्हा दुपारी वेळ काढून डून लेरीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, मिठी मारली आणि म्हणाल्या, "ये, ये. आत गडबड चाललीय."

स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदच कागद पसरले होते, आणि त्यांच्यामागे एक पंचविशीतली मुलगी बसली होती. युरोपच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका चिमुकल्या देशातून आलेली. तिथलं नियामक कार्यालय नुकतंच उघडलेलं, आणि त्यात तिला धरून तीन माणसं. बाईंचा पत्ता तिला कुणीतरी दिला होता आणि ती स्वतःची रजा टाकून आठवडाभर बाईंकडेच उतरली होती. आयुष्यातला पहिला निकाल लिहायचा होता तिला, आणि समोर रूळवाली कंपनी मोठी होती.

बाईंनी माझ्यासाठी चहा ओतला, आमच्या लेकीची, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मध्येच त्या मुलीला काहीतरी समजावून सांगितलं. मुलगी ऐकत होती. मग ती अडखळत, कागदाकडे बघत म्हणाली, "माफ करा. पण मला वाटतं, हे तुम्ही म्हणता तसं नाहीये. आमच्याकडे ते वेगळं आहे."

तिचे कान लाल झाले होते. बाईंनी हातातली किटली ओट्यावर ठेवली, आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी नेऊन ठेवली. मग चष्मा लावून बसल्या.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी निघते म्हणाले. एरवी पाहुण्याला फाटकापर्यंत पोहोचवायला येणाऱ्या ब्रीडाबाईंनी कागदावरची नजर न उचलता नुसता हात वर केला. मी बाहेरच्या खोलीत कोटाची बटणं लावत होते तेव्हा आतून त्यांचा आवाज आला.

"पहिल्यापासून सांग. मला काही घाई नाही."